काजव्याच्या पडण्याचा आवाज

१

सकाळच्या पहिल्याच फेरीत काजवा पाण्याच्या टाकीवरून पडला, आणि ओरडला नाही.

वहिनींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. हेडफोनची वायर ओढून पाहिली, ती घट्ट होती. काजव्याला पुन्हा टाकीवर चढवलं, कठड्यापाशी नेलं आणि मन घट्ट करून खाली ढकललं. त्याच्या पाठीवरचा दिवा विझला, अंग आपटल्याचा धप्प आवाज झाला, पण गळ्यातून काही म्हणता काही नाही. मग त्यांनी त्याला गिरणीच्या धुराड्यावरून ढकललं, पुलावरून ढकललं, खलनायक अंधारशेठच्या गुंडांच्या घोळक्यात मुकाट उभं केलं. मार बसला की तो कण्हत होता. उडी मारताना हुंकारत होता. शेवटचं ओरडणं तेवढं कुठे गेलं होतं कोण जाणे.

असं ढकलणं हेच वहिनींचं काम होतं. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या ‘काजवा’ या कार्टून मालिकेवरून हा स्टुडिओ कन्सोलवरचा गेम करत होता, आणि गेम दुकानात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकणाऱ्यांत वहिनी सगळ्यांत जुन्या. चुका हुडकायच्या म्हणजे नायकाला प्रत्येक छपरावरून एकदा तरी पाडून बघायचं. मालिकेत काजवा कधीच मेला नव्हता. लहान मुलांच्या मालिकेत नायकाला मरायची सोय नसते. गेममध्ये मात्र त्याला मरावंच लागतं, नाहीतर खेळणाऱ्याला जिंकल्याचं सुख कुठून मिळणार?

आणि काजव्याचा आवाज होता वहिनींच्या नवऱ्याचा.

स्टुडिओत त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. गेमसाठीचं बोलणं दादांनी एका दुपारी संपवलं आणि त्याच संध्याकाळी घरी आल्यावर ते गेले. हृदयाने दगा दिला, डॉक्टर म्हणाले. वहिनी पुन्हा कामावर आल्या तेव्हा मालक, म्हणजे साहेब, चाचरत म्हणाले होते, “तुम्हाला दुसऱ्या गेमवर टाकू का?”

“नको,” वहिनी म्हणाल्या होत्या. “कोणा परक्याने ढकलण्यापेक्षा मी बरी.”

त्यांचं ढकलणं खरं तर कालच संपलं होतं. आज संध्याकाळी गेमची शेवटची प्रत कन्सोलच्या कंपनीकडे जायची होती. आजची फेरी कामाची नव्हतीच. एकदा शेवटचा आवाज ऐकावा, एवढ्यासाठी त्या टाकीवर चढल्या होत्या.

त्यांनी आवाजांची फोल्डरं उघडली. उड्या, मार, श्वास, सगळं जिथल्या तिथे होतं. ‘पडणे’ हे फोल्डरही होतं आणि आतल्या फायलींची नावंही तीच होती. वहिनींनी एक लावली, मग दुसरी, मग सगळ्या.

प्रत्येकीत नुसती शांतता भरलेली होती.

२

“जुनी प्रत? काकांच्या कपाटातली डिस्क?” साहेबांनी विचारलं. काका म्हणजे स्टुडिओचे ध्वनिमुद्रक.

“तिच्यातूनही तेवढंच गेलंय.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण मुदत जवळ आली की त्याचा आवाज उगीचच चढायचा. “म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी. वहिनी, ऐका. पडताना ओरडला नाही तर कंपनी म्हणणार, आवाज अर्धवट आहेत. ओरडणं नकल्याकडून दादांची नक्कल करवून घेतलं तर पोरं दुसऱ्या मिनिटाला ओळखतील. एका काजव्याला दोन गळे चालायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत मिळालं तर ठीक. नाहीतर मी मुदत वाढवून घेतो आणि अख्खा काजवा नकल्याकडून नव्याने बोलून घेतो.”

“अख्खा?”

“पहिल्या वाक्यापासून.”

वहिनींच्या डोळ्यांपुढे त्यांची लेक चिऊ आली. घरी बाबांचा विषय निघाला की पोर जेवण टाकून उठायची. एके दिवशी वहिनींनी तिला सांगितलं होतं, बाबांनी तुझ्यासाठी एक गेम बोलून ठेवलाय, तो आला की बाबा तुझ्याशी बोलतील. तेव्हापासून चिऊ ताट पुसून जेवत होती आणि रोज विचारत होती, आला का?

साहेब खाली बघत म्हणाले, “रागावू नका, पण बाहेर कुजबुज चाललीय. दिवसभर स्वतःच्या माणसाचं मरण ऐकायचं म्हणजे... कोणालाही असह्य होईल. तुम्ही तर नाही ना?”

“मी असते तर सगळंच घेऊन गेले असते साहेब. एकटं मरण कशाला नेऊ?”

साहेब चष्म्याची काच पुसू लागले.

“शोधायचं काम मला द्या,” वहिनी म्हणाल्या. “एवीतेवी चुका हुडकायचाच पगार घेते. या फोल्डरची किल्ली कोणाकोणाकडे आहे?”

“मी, काका आणि दिग्दर्शकबाई. आणि हो,” साहेब दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “काल नकल्या आवाजाच्या खोलीत एकटाच बसला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

३

नकल्याला सगळ्यांचे आवाज काढता येत. अंधारशेठ तोच बोलला होता, पोपटही तोच, आणि गिरणीवाली म्हातारीसुद्धा. तो पायऱ्यांवर चहाचा कप धरून बसला होता. कप कधीच गार झाला होता.

“आलात? बसा,” तो म्हणाला. “साहेबांनी सांगितलंच असेल. नायकाची जागा मिळतेय म्हणून नकल्याने दादांचा गळा कापला. गोष्ट जमते की नाही?”

“काल तिथे काय करत होतास?”

“रडत होतो.” तो हसल्यासारखं करून म्हणाला, “खोटं वाटतंय? त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. रडायला याहून चांगली जागा नाही बघा आपल्या इमारतीत.”

“मला का खोटं वाटेल? मी कितीदा गेलेय.”

नकल्याने मान वर केली. मग हळूच म्हणाला, “वहिनी, मी दादांची नक्कल त्यांच्या तोंडावर करायचो. ते पोट धरून हसायचे. म्हणायचे, अरे, मी आजारी पडलो की तूच जा माझ्या जागी. परवा साहेबांनी सहज म्हणून करायला सांगितली. उभा राहिलो आणि गळाच बसला. पोपटाचा आवाज निघाला! काजवा म्हणून पोपट बोलतोय. साहेबांना वाटलं चेष्टा करतोय मी.”

वहिनींना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

“एक सांग. तुला काढायचं असतं तर कसं काढलं असतंस?”

“मी? मला कुठलं कळतं त्यातलं! फोल्डर धरलं असतं आणि फेकलं असतं.”

“मग गेम पहिल्या पडण्यालाच अडकला असता.”

“का बरं?”

“आवाज जागेवर सापडला नाही की आपला गेम थिजतो. ज्याने काढले त्याने प्रत्येक ओरडण्याच्या जागी त्याच लांबीची शांतता बेतून बसवलीय. गेम कुठेही अडखळत नाही. ज्याला नुकसान करायचं असतं, तो एवढी काळजी घेत नाही रे.”

नकल्याने कप खाली ठेवला. “म्हणजे चोराला गेम बिघडवायचा नव्हता?”

“उलट. कोणाला पत्ताच लागू नये असं त्याला वाटत होतं.”

“मग बाईंना विचारा,” नकल्या चाचरत म्हणाला. “सांगू नये, पण काल त्या साहेबांशी भांडत होत्या. ते मरण काढून टाका म्हणून.”

४

दिग्दर्शकबाईंनी मालिकेच्या पहिल्या भागापासून काजव्याला बोलायला लावलं होतं. कडक बाई. तिच्यासमोर भले भले नट तोंडपाठ करून यायचे. आज ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि वहिनी आत आल्या तरी वळली नाही.

“मी म्हटलं होतं काढा म्हणून. काढलं मात्र नाही,” ती म्हणाली. “ज्याने काढलं त्याचं भलं होवो.”

“का काढायचं होतं बाई?”

“तुम्ही विचारताय हे? तुम्ही?”

“मला सांगा ना. त्या दिवशी आत काय झालं, ते मला कोणी धड सांगितलेलंच नाही. मीही कोणाला विचारलं नाही.”

बाई आता वळली. मग म्हणाली, “सगळं बोलून झालं होतं. पडणं मुद्दाम मागे ठेवलं होतं, गळा जातो म्हणून. एवढ्या वर्षांत काजवा कधी मेला नव्हता. दादा म्हणाले, बाई, मला मरायचा सराव नाही, सांभाळून घ्या. आम्ही हसलो. पहिली दोन ओरडणी ठीक झाली, नाटकी, मालिकेत शोभतील अशी. आणि तिसरं...” तिचा हात आपसूक गळ्याशी गेला. “तिसऱ्याला माझ्या अंगावर काटा आला. एवढा खरा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी काचेअलीकडून टाळ्या वाजवल्या. वहिनी, मी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच संध्याकाळी माणूस गेला. तेव्हापासून ते ओरडणं कानावर आलं की मला माझ्या टाळ्याच ऐकू येतात.”

वहिनी तिच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, “तिसरं ओरडणं जरा फाटलेलं होतं ना? कर्कश?”

“होतं. त्याचंच काकांना आणि मला नवल वाटलं. दादांचा आवाज कधी फाटायचा नाही. मोठं ओरडायचं असलं की आधी डावा हात वर करायचे. तो हात दिसला की काका बोटाने माइकचा आवाज खाली घ्यायचे, म्हणून. दोघांची खूण होती ती, मालिकेच्या पहिल्या दिवसापासूनची. काका बसल्या बसल्या पेंगत असले तरी दादांच्या हाताबरोबर त्यांचं बोट हलायचं.”

वहिनी उठून उभ्या राहिल्या.

त्या तिसऱ्या ओरडण्याबद्दल काकांकडे तक्रार केली होती ती त्यांनीच. चार दिवसांमागे, चहाच्या टेबलापाशी, अगदी सहज.

५

काकांकडे जाण्याआधी वहिनी आपल्या जागेवर आल्या. हेडफोन लावला. ‘पडणे’मधली तिसरी फाइल उघडली आणि आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला.

सकाळी जी शांतता वाटली होती, ती रिकामी नव्हती. फार दूर पंख्याची घरघर होती. लाकडी जमीन कुरकुरावी तसं काहीतरी. एका बंद खोलीचं अंग त्या शांततेत होतं.

वहिनींनी डोळे मिटले.

ध्वनिमुद्रक काकांची ही सवय स्टुडिओत चेष्टेचा विषय होती. बोलणं सुरू करण्याआधी ते सगळ्यांना गप्प उभं करत आणि नुसती खोली रेकॉर्ड करत. ‘काका डब्यात शांतता भरतात, उन्हाळ्यात विकायला,’ असं नकल्या म्हणायचा. काका चिडून सांगायचे, अरे, प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. बोलण्यात भोक पडलं तर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं. कोरी शांतता लावलीस तर ऐकणाऱ्याला कान गेल्यासारखं वाटतं.

साहेबांनी काढलं असतं तर कोरी शांतता बसवली असती. बाईंनीही तेच केलं असतं. खोलीचं ठिगळ लावणारा हात एकच होता.

पण तो हात दादांच्या सर्वांत जवळच्या मित्राचा होता. दादांना खांदा देताना ज्याला स्वतःलाच धरावं लागलं होतं, त्या माणसाचा.

वहिनी उठल्या. आवाजाच्या खोलीचं जाड दार त्यांनी ढकललं. काका काचेसमोर बसले होते. समोर काही लावलेलं नव्हतं, तरी कानाला हेडफोन होता.

“काका,” वहिनी म्हणाल्या, “त्यांनी त्या दिवशी हात वर केला नव्हता ना?”

६

काकांनी हेडफोन काढला. फार सावकाश काढला, जणू आत कोणी झोपलंय.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं, तिसरं ओरडणं फाटतंय, जरा दुरुस्त करा. माझं कामच ते. तुम्ही दुरुस्त करायला म्हणून ते उघडलंत, आणि फाटलं का याचा विचार करत बसलात. त्यांचा आवाज तुम्ही कधी फाटू दिला नव्हता. फाटला, कारण तुमचं बोट हललं नाही. बोट हललं नाही, कारण त्यांचा हात वर गेला नाही. आणि हात वर गेला नाही, कारण...” वहिनींनी खुर्चीची पाठ धरली. “कारण आपण ओरडणार आहोत हे त्यांनाच माहीत नव्हतं. ते ओरडणं नव्हतंच. कळ होती.”

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाठ हलत होती, आवाज मात्र नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या आवाजासाठी गप्प बसलेल्या माणसाला रडतानाही आवाज करता येत नसावा.

“मला कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “बाईंना काय ठाऊक? मी तर त्यांचा श्वास ओळखत होतो. आणि मी काय केलं, सांगू? बटण दाबलं आणि म्हणालो, दादा, फाटला, आणखी एक द्या. आणखी एक! त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, डावा हात वर केला आणि दिलं. चौथं अगदी स्वच्छ आलं.”

खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती.

“नुसतं तिसरं का नाही काढलंत? सगळीच का?”

“तेच करायला बसलो होतो. मग दुसरं ऐकलं, तेही खरं वाटायला लागलं. मग पहिलं. कळ कुठून सुरू झाली, मला ठरवताच येईना वहिनी. आणि तुम्ही रोज तेच कानाला लावून बसायचात. तुम्हाला काय सांगू? तुमचं ढकलणं काल संपलं, म्हटलं आता काढून टाकावं, गडबडीत कोणाच्या लक्षात येणार नाही. साहेब अख्खे दादाच काढायला निघतील हे कुठे ठाऊक होतं! सकाळपासून तोंड उघडायला जातोय आणि तुमचा चेहरा समोर येतोय.”

त्यांनी खिशातून बोटाएवढी पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवली. “पुसलं नाहीये काही. माझ्याने पुसवेना. तुम्ही म्हणाल तसं.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. त्या संध्याकाळी दादा दारात चपला काढता काढता म्हणाले होते, “आज मरून मरून दमलो बघ.” आणि त्या हसल्या होत्या. चिऊसुद्धा हसली होती. घरभर हसू झालं होतं.

“चौथ्यानंतर काय झालं?” त्यांनी विचारलं.

“स्टुलावर बसले. घाम पुसला. मी म्हटलं, उरलेलं उद्या करू. म्हणाले, उद्या कशाला? काजवा नुसता उभा असतो तेव्हाचा श्वास तेवढा राहिलाय ना? तो आत्ता घे. आत्ता चांगला लागलाय.” काकांनी नाक पुसलं. “तेच शेवटचं. तो श्वास.”

वहिनींनी पेनड्राइव्ह उचलली, काकांच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ मिटली.

“तुमच्या कपाटात राहू दे. मी ऐकणार नाही.”

“आणि साहेब?”

“चला माझ्याबरोबर.”

७

वहिनींनी साहेबांच्या हातात कंट्रोलर दिला. “खेळा.”

“वहिनी, ही काय वेळ आहे? सापडलं का ते सांगा.”

“आधी खेळा.”

साहेबांना गेम विकता यायचे, खेळता यायचे नाहीत. तिसऱ्याच छपरावर त्यांचा पाय चुकला. काजवा खाली गेला. पाठीवरचा दिवा फडफडला, विझला, आणि पडद्यावर अंधार झाला. त्या अंधारात एका बंद खोलीची शांतता पसरली, जिथे नुकतंच कोणीतरी होतं आणि आता नाही.

साहेबांचा अंगठा ‘पुन्हा खेळा’च्या बटणावर होता. तो दाबला गेला नाही.

“मालिकेत काजवा कधी मेला नाही साहेब,” वहिनी हळूच म्हणाल्या. “त्याचा मरणाचा आवाज कोणत्याही मुलाच्या कानात नाही. दिवा विझलेला मात्र प्रत्येक मुलाने पाहिलाय. तो विझला की घराघरांत पोरं श्वास धरून बसायची. ओरडणं आपण घुसवलं होतं. ही प्रत कंपनीला दाखवा. अर्धवट वाटलं तर खुशाल नकल्याला बोलवा.”

दारात नकल्या उभा होता. “मी येणार नाही,” तो म्हणाला. “आलो तर पोपट बोलेल.”

बाई त्याच्या मागे होती. ती पुढे आली आणि काकांच्या शेजारी उभी राहिली.

साहेब पडद्याकडेच बघत होते. “मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं,” ते पुटपुटले. मग चष्मा लावत म्हणाले, “हीच प्रत पाठवतो. पण चोर कोण होता?”

“चोर नव्हता साहेब. एक चूक राहिली होती. दुरुस्त झाली.”

साहेबांनी एकदा वहिनींकडे आणि एकदा काकांच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही.

कंपनीने ती प्रत जशीच्या तशी घेतली.

गेम घरी आला त्या संध्याकाळी चिऊने हातपाय धुऊन, केस विंचरून घेतले, कोणाकडे पाहुणी जावी तशी. काजवा पडद्यावर आला, म्हणाला, “घाबरू नकोस, मी आहे,” आणि चिऊने आईचा हात गच्च धरला. मग ती खेळत सुटली. छपरांवरून धावली, अंधारशेठला चिडवलं, दोनदा पडली. दिवा विझला तेव्हा तिनेही श्वास धरला, आणि पेटला तेव्हा सोडला.

पाणी प्यायला म्हणून तिने कंट्रोलर खाली ठेवला. पाण्याच्या टाकीवर काजवा एकटाच उभा राहिला. खांदे वर जात होते, खाली येत होते. खोलीत त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. जड, थोडा घाईचा, मग हळूहळू लागणारा.

पेला हातात धरून चिऊ ऐकत राहिली.

“आई, बाबा दमलेत?”

“हो ग. त्या दिवशी फार दमले होते.”

चिऊने विचार केला. मग पेला ठेवला, कंट्रोलर लांब सरकवला आणि आईच्या कुशीत शिरली.

“मग जरा वेळ कोणी काही दाबायचं नाही,” ती म्हणाली.

वहिनींनी मान हलवली. टाकीवर काजवा श्वास घेत उभा होता, आणि त्याला कोणी ढकललं नाही.